चावडीपुढचं शूटिंग

पौष सरत आला होता. चिंचपाडळीच्या शिवारात ऊसतोड ऐन भरात होती. जिकडं बघावं तिकडं तुटलेल्या उसाची बुडखं आणि पेटलेल्या पाचटाचा धूर. कागलच्या रस्त्यानं दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर मोठमोठ्यानं गाणी लावून कारखान्याकडं चालले होते.

शेवंताबाई कांबळे विजयसिंह आबांच्या मळ्यात भांगलायला होती. उकिडवं बसून खुरप्यानं तण काढत सरकायचं, सरी संपली की दुसरी धरायची. पन्नाशी ओलांडल्यापासनं तिचे गुडघे दुपारपर्यंत भरून येत. उठताना आधी हात भुईला टेकावा लागे, मग एक गुडघा, मग दुसरा. तरी जेवायच्या सुट्टीत बायका बांधावरच्या आंब्याखाली बसल्या की भाकरीचं गठुळं सोडायच्या आधी ती कमरेच्या पिशवीतनं फोन काढायची.

फोन तिचा एकटीचा नव्हता. वस्तीतल्या बायकांच्या गटाचा होता. कोल्हापुरातल्या एका संस्थेनं समाजमंदिरात व्हिडिओ काढायचं शिक्षण दिलं होतं. ते वस्तीत आणलं संघप्रियानं. संघप्रिया म्हणजे शेवंताच्या वारलेल्या दिराची लेक, कागलच्या दवाखान्यात नर्स. तिचं म्हणणं एवढंच, की आपली म्हातारी माणसं बघता बघता निघाली, त्यांचं बोलणं, त्यांची गाणी, त्यांनी काय सोसलं आणि काय सोडलं, ते आपणच टिपून ठेवायचं. बाहेरचा येऊन टिपेल त्याची वाट बघायची नाही.

पहिल्या दिवशी शेवंताची फजिती झाली होती. खुरप्यानं घट्टे पडलेला तिचा अंगठा फोनला कळतच नव्हता. दाबून दाबून ती रडकुंडीला आली. शेवटी बोटाचं पेर टेकवून बघितलं तर लागलं. तेव्हापासनं ती पेरानंच फोन चालवायची, आणि गटात सगळ्यात स्थिर हात तिचाच निघाला.

"काय गं, आज कुनाची मुलाखत?" तानाबाईनं विचारलं.

तानाबाई विजयसिंहांची आई. सत्तरीची म्हातारी, पण रोज मळ्यात फेरी मारायची आणि बायकांच्यात बसायची. शेवंताच्या हातचा खर्डा तिला भारी आवडायचा. मळ्यात ती शेवंताच्या डब्यातला खर्डा बोटानं उचलून खाई. घरी गेल्यावर मात्र शेवंताला चहा पायरीवर मिळायचा.

"काल गंगूम्हातारीची घेतली, आक्का," शेवंता म्हणाली. "तराळकी कशी सोडली ते सांगितलं तिनं. आमचा मामंजी सिद्राम आन् आनखी चौघं. धर्म बदलल्यावर दुसऱ्या वर्षी चावडीपुढं आलं, तराळाची घुंगराची काठी खाली ठेवली, आन् आजपासनं गावाची दारं हिंडून भाकरी मागनार न्हाई म्हनून सांगितलं. मग सगळी हायवेच्या रस्त्यावर खडी फोडाय गेली. पोटाला काय नव्हतं म्हनं."

"व्हय बाई," तानाबाई म्हणाली. "मी लगीन होऊन आलतो तवा म्हातारी मानसं बोलायची त्येचं." आणि भाकरीचा तुकडा मोडत तिनं विषय तिथंच सोडला.

तेवढ्यात बांधावर मोटरसायकल थांबली. राजवीर, विजयसिंहांचा थोरला पोरगा. खाली न उतरता त्यानं हाक मारली.

"शेवंताबाई, बाळूला सांग, उद्या सकाळी हलगी घिऊन चावडीपुढं ये म्हनावं. शूटिंग हाय. गावच्या संस्कृतीवर फिल्म काढायलोय. कोल्हापुरातनं मानसं येनार हायत."

बाळू म्हणजे शेवंताचा नवरा बाळासो. साठी उलटलेला माणूस. राजवीर त्याच्या नातवाच्या वयाचा.

"किती वाजता?" शेवंतानं विचारलं.

"आठला. धुतलेली कापडं घाल म्हनावं," राजवीर म्हणाला आणि गाडी वळवून गेला.

बाळासोला निरोप सांगितला तसा माणूस उजळला. हलगी हा त्याचा जीव होता. बापानं काठी सोडली तशी वस्तीतल्या बहुतेकांनी हलगीही सोडली. पण बाळासोनं चुलत्याकडनं चोरून शिकून घेतली होती. दारोदार वाजवायला नाही, कुस्तीच्या मैदानासाठी. पेठ वडगावपासून निपाणीपर्यंत कुठंही मैदान भरलं की त्याला बोलावणं यायचं. जोड लागली, पट निघाला, की त्याची हलगी अशी काही कडाडायची की बसलेली माणसं उठून उभी राहायची. वस्तीतल्या शिकल्यासवरल्या पोरांना ते आवडत नसे. बाळासो त्यांना म्हणायचा, वाजवू नका तुम्ही, मी कुठं सांगतोय.

रात्री त्यानं हलगी पुसून ठेवली. सकाळी चुलीपुढं तिचं कातडं शेकलं, बोटांनी टकटक करून सूर बघितला. लेकीच्या लग्नातला पांढरा शर्ट घातला, डोक्याला अबोली फेटा बांधला. संघप्रिया ड्युटीवर निघाली होती. दारात थांबून ती म्हणाली, "काका, काय शूट करनार ते इचारलं का त्यास्नी?"

"हलगी शूट करनार की. दुसरं काय करत्यात?" बाळासो म्हणाला.

शेवंता कामाला गेली. दिवसभर भांगलताना तिच्या मनात येत होतं, आपल्याला फोन घेऊन जायला पाहिजे होतं. त्यांचं शूटिंग आपणही शूट केलं असतं.

संध्याकाळी घरी आली तर बाळासो वाकळ पांघरून भिंतीकडं तोंड करून पडला होता. पांढऱ्या शर्टाची बटणं वरखाली लागली होती. हलगी कोपऱ्यात पालथी पडली होती. असं त्यानं कधी ठेवलं नव्हतं. चुलीशेजारी फडक्यात बांधलेल्या भाकरी होत्या.

"ह्या कुनाच्या भाकरी?"

"म्हशीला घाल," तो म्हणाला.

"चांगल्या ज्वारीच्या हायत की. म्हशीला का?"

"घाल म्हनलं न्हवं."

तिनं घातल्या. अंगात कणकण असंल, म्हणून जास्त विचारलं नाही. दुसऱ्या दिवशीही तो बाहेर गेला नाही, जेवला अर्धा-मुर्धा. तिसऱ्या दिवशी दुपारी आंब्याखाली एका बाईच्या फोनवर राजवीरचं स्टेटस आलं. तिनं ते बघितलं आणि फोन शेवंताच्या हातात दिला.

चावडी दिसत होती. चावडीच्या दगडी पायऱ्या, आणि खालच्या धुळीत बाळासो. अंगात शर्ट नव्हता. बरगड्या दिसत होत्या. खांद्यावर फाटकं घोंगडं, हातात घुंगरं लावलेली काठी, कुठनंतरी नवी करून आणलेली, घुंगरं पितळेची चकचकीत. वरच्या पायरीवर तानाबाई जरीचं लुगडं नेसून उभी, हातात भाकरीची टोपली. बाळासोनं घोंगड्याची झोळी धरली होती आणि तानाबाई वरनं भाकरी टाकत होती.

मग आवाज आला, कोल्हापुरातनं आलेल्या यशराज नावाच्या शूटिंगवाल्याचा. "कट. काका, वर बघायचं नाही. मान खाली. अजून वाका. भाकरी पडली की कपाळाला लावायची. परत घेऊ."

पुन्हा भाकरी पडली. पुन्हा कट. उजेड बरोबर नव्हता म्हणून पुन्हा. कडेला पोरं हसत होती. कुणीतरी ओरडलं, बाळू, जोहार म्हन की. बाळासोचं तोंड हललं. मागं कसलंतरी नाचाचं गाणं लावलं होतं, आणि वर लिहिलं होतं, शूटिंगची मज्जा.

शेवंतानं फोन परत दिला. भाकरीचं गठुळं तिनं तसंच परत बांधलं. सुट्टी संपायच्या आधीच ती उठली आणि मळ्याच्या वाटेनं सरळ घरी आली.

बाळासो दारात बसला होता. तिचं तोंड बघूनच त्याला समजलं.

"बघितलंस?"

"व्हय."

त्यानं सरकून तिला शेजारी जागा केली. मग म्हणाला, "शर्ट काढाय लावला गं त्येनी. म्हनलं हलगी वाजवाय शर्ट कशाला काढाय पायजे. तर त्यो म्हनला, काका, जुन्या काळातलं दाखवायचं हाय. थोडी हलगी वाजवून घेतली. मग काठी दिली हातात. मला ओळखू आली काठी. बा सांगायचा न्हवं."

"मग टाकून का न्हाई दिलीसा?"

"आबा समोर खुर्चीवर बसलेलं. सगळं गाव उभं. तोंडातनं शब्दच फुटंना. म्हनलं एकदा करूया आन् सुटूया." त्यानं हाताचे तळवे गुडघ्यावर घासले. "एकदा कुटलं. किती बारी वाकलो माझं मला ठावं."

संध्याकाळी संघप्रिया आली तेव्हा गटातल्या सगळ्या बायका शेवंताच्या दारात जमल्या होत्या. कुणी कुणाला चला म्हणालं नाही. तशाच सगळ्या उठून विजयसिंह आबांच्या दारात गेल्या.

विजयसिंहांचं घर चावडीच्या बरोबर समोर. दोन मजली, पुढं टाइल्सचा सोपा. ते सोप्यात खुर्ची टाकून बसले होते. बायकांना बघून त्यांनी आत आवाज दिला, "चा ठेवा गं." चहा आला तो कागदी कपातनं. विजयसिंहांच्या हातात मात्र बशी होती.

"आबा, चा न्हाई प्यायचा," शेवंता म्हणाली. "ते भाकरीचं काढून टाका फिल्ममदनं."

"काय काढून टाका?" विजयसिंह हसले. "पोरानं स्टेटस ठेवलेलं व्हय? ते मी काढाय लावतो. पोरं हायत."

"स्टेटस न्हवं. फिल्ममदनं काढा."

"अगं शेवंते, आपल्या गावाची परंपरा हाय ती. बारा बलुतेदार, तराळ, हलगी. इतिहास हाय. इतिहास कुनी लपवतं व्हय?"

"इतिहास दावायचा तर सगळा दावा की," शेवंता म्हणाली. तिचा आवाज चढत होता, पण तिनं तो धरून ठेवला. "तराळानं काठी घेतलेली दावलासा. ह्याच चावडीपुढं काठी ठेवली ते कुटं हाय? माझ्या सासऱ्यानं ठेवलेली काठी तुमी त्येच्याच पोराच्या हातात दिलासा. नवी घुंगरं लावून."

विजयसिंहांनी बशी खाली ठेवली. "बाळूला जबरदस्ती केली काय कुनी? राजीखुशीनं केलं त्येनं."

"नको म्हनलं असतं तर?"

"तर दुसरा बघितला असता. चार मानसं तयार होती."

"चार मानसं तुमच्या भावकीतली बघा मग, आन् त्यास्नी शर्ट काढाय लावा," शेवंता म्हणाली.

संघप्रिया पुढं झाली. "आबा, हे काढलं न्हाई तर आम्हाला पोलिसात जावं लागंल. कायदा हाय त्याला. वाईट वाटून घेऊ नका."

"ह्येच शिकीवलं व्हय गं तुला दवाखान्यात," विजयसिंह म्हणाले आणि उठून आत गेले.

तानाबाई आतल्या दाराला धरून उभी होती. शेवंता तिच्याकडं वळली. "आक्का, तुमी तरी सांगा. वरनं टाकताना तुमचा हात कसा उटला?"

"मी हातात देतो म्हनलं बाई," तानाबाई हळू म्हणाली. "त्यो शूटिंगवाला न्हाई म्हनला. वरनंच टाका म्हनला."

"मग हेच फोनमदी सांगता का? मी घेतो."

तानाबाईनं पदर सारखा केला. "माझ्या लेकाच्या इरुद्ध कसं बोलू मी," ती म्हणाली आणि दाराआड झाली.

कागदी कप तसेच सोप्यात राहिले.

दुसऱ्या दिवशी शेवंता खुरपं घेऊन मळ्यात गेली तर मुकादम म्हणाला, आज बायका भरल्यात. तिसऱ्या दिवशीही भरल्या होत्या. मग शेजारच्या मळ्यातही भरल्या. तोंडानं कुणी काही बोललं नाही. वस्तीतल्या कुठल्याच बाईला गावच्या शिवारात काम उरलं नाही.

त्याहून वाईट झालं ते वैरणीचं. उसाचा हंगाम म्हणजे म्हशींचे चार बरे महिने. ऊस तुटतो तिथं शेंड्याचं वाडं मोकळं मिळतं, बांधावर गवत असतं. शेवंता विळा घेऊन फडात गेली तर तोडकरी टोळीतली बाई, बीडकडची, तिच्याएवढ्याच वयाची, खाली मान घालून म्हणाली, "मावशी, मालक नको म्हणलेत. तुमच्या वस्तीला द्यायचं नाही. आमचं पोट हाय यांच्यावर." बांधावर विळा लावला तर राजवीर मोटरसायकलवरनं बघत उभा राहिला. ती उठेपर्यंत हलला नाही.

मग ती पार कालव्याच्या कडेला जायला लागली. तिथलं गवत आधीच बकऱ्यांनी खाल्लेलं. दिवसभर विळा चालवून भाऱ्याची नुसती पेंढी व्हायची. डोक्यावरनं आणताना मानेची शीर ठणकायची, तळव्याला कुसळं भरायची. म्हशीच्या बरगड्या वर यायला लागल्या. धारंला बसलं की कासेत हाताला काही लागत नव्हतं. डेअरीतला पोरगा कॅनमध्ये दूध ओतून घेताना शेवंताच्या तोंडाकडं बघायचा आणि नजर चुकवायचा. त्यालाही गावातच राहायचं होतं.

शेवटी बाळासोच म्हणाला, "मुकं जनावर मरंल गं. वडगावला पोरीकडं धाडू." टेम्पो आला. म्हैस चढेना. बाळासोनं तिच्या पाठीवर हात ठेवला तशी ती चढली. टेम्पो गेला तरी रिकामं दावं हातात धरून तो गोठ्यातच उभा होता.

"माझ्यापायी झालं समदं," तो म्हणाला.

"तुमच्यापायी कसं?" शेवंता त्याच्यावर डाफरली. "ज्येनं केलं त्येचं नाव घ्यायला शिका आदी."

संघप्रिया खरोखरच दोनदा पोलीस ठाण्यात जाऊन आली. तिथल्या साहेबानं बसवून ठेवलं, आपसात मिटवा म्हणून सांगितलं. पण फोन विजयसिंहांना गेला असावा. आठवड्याभरात निरोप आला. तो प्रसंग फिल्ममधनं काढला आहे, यात्रेच्या आदल्या दिवशी दुपारी देवळाच्या हॉलमध्ये फिल्म दाखवणार, सगळ्यांनी यावं.

वस्तीला बरं वाटलं. बाळासोनंही दाढी केली. "हलगी तरी असंल," तो म्हणाला. सगळे गेले.

हॉलच्या खिडक्यांना काळी कापडं लावली होती. पुढं पाहुणे, मागं गाव, आणि सगळ्यात मागं भिंतीला टेकून वस्ती. फिल्म सुरू झाली. गावाची वेस आली, देऊळ आलं, पालखी आली. कुंभाराचं चाक फिरलं, सुताराचा रंधा चालला, लोहाराचा भाता फुगला. गुऱ्हाळाची काहील उकळली. तानाबाई उसात उभी राहून शेतकरी बाईच्या कष्टाबद्दल बोलली. मागं सरीत वाकलेल्या बायकांच्या नुसत्या पाठी दिसत होत्या. त्यातली एक पाठ शेवंताला आपली वाटली.

मग कुस्तीचं मैदान आलं आणि हलगी कडाडली.

बाळासो ताठ झाला. पडद्यावर पैलवान एकमेकांना भिडले होते, माती उडत होती, फेटे उडत होते. हलगी वाढत गेली. हॉलमधल्या माणसांनी शिट्ट्या मारल्या. मैदान संपलं, हलगी थांबली, पडद्यावर यात्रेतली खेळणी आली.

"माझाच हात हाय ह्यो," बाळासो शेवंताच्या कानाशी म्हणाला. "चावडीपुढं वाजवलेलं हाय. ह्यो माझाच हात हाय."

तो पुढं बघत राहिला, आता दिसंल म्हणून. फिल्म संपली. शेवटी नावं आली, दिवे लागले, टाळ्या झाल्या. वस्ती कुठंच नव्हती. समाजमंदिर नव्हतं, जयंती नव्हती, वस्तीतलं एक तोंड नव्हतं. ज्याची हलगी गावानं ऐकली त्याचं नावसुद्धा नव्हतं.

पाहुणे चहाला उठले तशी शेवंता माणसांतनं वाट काढत विजयसिंहांपुढं जाऊन उभी राहिली.

"आबा, आमी कुटं हाय ह्यात?"

विजयसिंह शांतपणे म्हणाले, "तुमीच काढा म्हनलासा. काढलं."

"भाकरीचं काढा म्हनलो. आमाला काढा म्हनलो न्हवतो."

"मग दुसरं काय हुतं गं तुमचं दावायला?" ते म्हणाले आणि पाहुण्यांकडं वळले.

हॉलमधनं शेवंता कशी बाहेर आली तिला समजलं नाही. वाटेत संघप्रिया काहीतरी बोलत होती, अर्ज करू, संस्थेला सांगू. शेवंताला ऐकू येत होतं आणि येत नव्हतं. एकतर वाकून भाकरी झेलायची, नाहीतर गावातच असायचं नाही. दोनच जागा. पिढ्यान्‌पिढ्या ह्या गावाची मेलेली ढोरं ओढली, वेशी राखल्या, उसाच्या सऱ्या भांगलल्या, आणि दुसरं काय होतं तुमचं.

घरी आल्यावर तिनं गटाचा फोन काढून चार्जिंगला लावला. "गंगूम्हातारीचं हाय आपल्याकडं," ती संघप्रियाला म्हणाली. "ओव्या हायत. जयंतीचं हाय. हितनं पुढं रोज घ्यायचं. कुनाच्या मळ्यात काम न्हाई, तर येळच येळ हाय."

बाळासो उंबऱ्यावर बसला होता. इतके दिवस बायकांनी कितीदा विचारलं होतं, तो फोनपुढं बसायला तयार नव्हता. आता तो न विचारता म्हणाला, "माझं घ्या."

"बसा मग हितं, उजेडाला," शेवंता म्हणाली.

"हितं न्हाई. घरात बसून सांगायला मी काय चोरी केली व्हय? जितं केलं तितं सांगतो. चावडीपुढं."

संघप्रियानं शेवंताकडं बघितलं. "काका, उद्या यात्रा हाय. सगळं गाव आसंल तितं."

"तवाबी हुतं की सगळं गाव," बाळासो म्हणाला.

सकाळी उन्हं चावडीवर आली तेव्हा बायकांचा गट गावात शिरला. पुढं बाळासो, अंगात तोच पांढरा शर्ट, या वेळी बटणं नीट लावलेली. हलगी त्यानं घरीच ठेवली होती. मागं शेवंता फोन घेऊन, संघप्रिया माइक घेऊन, आणि वस्तीतल्या आणखी बायका. यात्रेची दुकानं लागत होती. माणसं हातातलं काम टाकून बघायला लागली.

संघप्रियानं बाळासोच्या शर्टाला माइक अडकवला. बाळासो पायऱ्या चढला. खालची, मधली, वरची. वरच्या पायरीवर जाऊन तो गावाकडं तोंड करून उभा राहिला. शेवंता खाली धुळीत उभी होती. त्याला फोनमध्ये घ्यायला तिला मान वर करावी लागली. तिनं हात छातीशी टेकवून स्थिर केले आणि पेरानं लाल टिकली दाबली.

"नाव सांगा तुमचं," ती म्हणाली.

"बाळासो सिद्राम कांबळे. राहनार चिंचपाडळी."

"शूटिंग बंद करा," राजवीर धावत आला आणि फोनच्या पुढं उभा राहिला. "परवानगी हाय का तुमची? चावडी तुमच्या बाची हाय व्हय?"

"माझ्या सासऱ्याचीबी हाय," शेवंता म्हणाली. तिनं फोन हलवला नाही. "हुबा ऱ्हा तसाच. तूबी येतोयस ह्यात. नाव सांग तुजं, मंजी लोकास्नी कळंल."

राजवीरनं हात पुढं केला. बायका शेवंताच्या दोन्ही बाजूंनी सरकल्या. कुणी त्याला शिवलं नाही, पण हात घालायला जागाही राहिली नाही. गर्दीतले कुणीतरी पाहुणे, राजवीरच्या सासुरवाडीचे असावेत, आपले फोन काढून बघत होते. राजवीरनं ते बघितलं आणि तो बाजूला झाला.

बाळासो बोलायला लागला. आधी आवाज बसका येत होता. मग मोकळा झाला. बापानं ह्याच दगडावर काठी ठेवली ते सांगितलं. खडी फोडताना त्याचं नख कसं उडालं होतं ते सांगितलं. आपण हलगी कशी शिकलो, कुठल्या कुठल्या मैदानात वाजवली ते सांगितलं. मग म्हणाला, "म्हैन्यामागं मला हितं बोलीवलं. हलगी वाजवायची म्हनून बोलीवलं आन् माझा शर्ट काढून घेतला."

समोरच्या सोप्यात विजयसिंह आले. फेटा अर्धा बांधलेला होता.

"बाळू, खाली उतर," ते म्हणाले.

बाळासोचा आवाज थांबला. शेवंताला फोनमध्ये दिसलं, त्याचा डावा हात शर्टाच्या कडेला गेला. बोला, तिनं मनात म्हटलं. बोला आता.

"सांगून झालं की उतरतो, आबा," बाळासो म्हणाला.

आणि त्यानं सांगितलं. कुठं उभं केलं, कसं वाकवलं, कपाळाला काय लावायला लावलं, कोण हसलं, कुणी जोहार म्हण म्हटलं. हसणाऱ्यांची नावं घेतली. ती माणसं तिथंच उभी होती. हलगी घेतली आणि हलगीवाला काढून टाकला, तेही सांगितलं. "मला नको म्हनता आलं न्हाई त्या दिवशी," तो शेवटी म्हणाला. "आज म्हनतो. नको. ह्येच्या फुडं माझ्या पोराबाळाला कुनी हितं तसं हुबं करू नये."

बोलून तो थांबला. यात्रेच्या दुकानातला भोंगा तेवढा वाजत होता.

शेवंतानं फोन खाली घेतला नाही. ती सावकाश वळली. ज्यांची नावं घेतली त्यांच्यावरनं, पारावर बसलेल्यांवरनं, राजवीरवरनं तिनं फोन फिरवला. एकेक जण तोंड फिरवत गेला. कुणाला एकदम काम आठवलं, कुणी मुंडाशाचा सोगा नाकावर ओढला. विजयसिंह आत गेले आणि दार आदळलं. सोप्यात तानाबाई एकटी राहिली. फोन तिच्यावर आला तसा तिनं पदर पुढं ओढला. पण ती आत गेली नाही. दोन्ही हातांनी खांब धरून तशीच उभी राहिली. ओठ हलत होते.

शेवंताचे दंड भरून आले होते.

"झालं का गं?" पायरीवरनं बाळासोनं विचारलं.

"न्हाई अजून. आक्कांचं ऱ्हायलंय," शेवंता म्हणाली, आणि तानाबाईवरनं फोन न हलवता वाट बघत उभी राहिली.